कायगावच्या कावळ्याचं तिकीट

५ जानेवारी २०२४

आज कारभारीचा सिनेमा गावात लागला. मी गेले नाही आणि जाणारही नाही. एवढं लिहून वही मिटणार होते, पण राग कागदावर उतरवल्याशिवाय मला झोप येत नाही. ही सवय कॉन्व्हेंटातली. तिथे उलटून बोलायची सोय नव्हती. वहीत लिहायचं आणि हात जोडून प्रार्थनेला उभं राहायचं.

कारभारी माझ्या नणंदेचा, द्वारकाबाईंचा मुलगा. सिल्लोडचा. कॉलेजची सात वर्षं आमच्याकडे, छावणी भागातल्या घरी राहिला. आम्हाला मूल नाही, त्यामुळे पाच वर्षांपूर्वी नानासाहेब गेले तेव्हा सगळी क्रिया त्यानंच केली. दहाव्याला कायगावला गोदावरीच्या घाटावर पिंड ठेवले आणि कावळा येईना. अर्धा तास झाला, तास झाला, दोन तास झाले. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली असं धरतात, आणि मग एकेकजण पुढे होऊन हात जोडून वचन देतो. दीर म्हणाले, वच्छलाबाईंना, म्हणजे मला, अंतर देणार नाही. द्वारकाबाई म्हणाल्या, शेतावरचा हक्क सोडते. एका चुलतभावानं दारू सोडली, ती त्यानं संध्याकाळीच परत धरली. कावळे समोरच्या लिंबावर बसून सगळं ऐकत होते. लोक घड्याळं बघायला लागले. कोणीतरी मागे म्हणालं की स्वयंपाक गार होतोय. माझं डोकं फिरलं. मी पुढे झाले आणि पिंडाकडे बघून म्हणाले, "चाळीस वर्षं माझ्या हातचं नावं ठेवत जेवलात. लोक ताटकळलेत. आता तरी जेवा."

अख्खा घाट हसला. गुरुजी हसले. मग त्यांनी दर्भाच्या काड्यांचा कावळा करून तो पिंडाला टेकवला, झालं म्हणून सांगितलं आणि लोक गाड्यांत जाऊन बसले.

माझ्या नवऱ्याशी माझं शेवटचं बोलणं ते. कारभारीनं त्याचा सिनेमा केला, मला न विचारता, आणि नावसुद्धा तेच ठेवलं: ‘आता तरी जेवा’. डिसेंबरात लॅपटॉप घेऊन दाखवायला आला होता. दहाव्या मिनिटाला भिंतीवर हार घातलेला फोटो दिसला. नानासाहेबांचा, खराखुरा, माझ्या हॉलमधला. मोठा करून आणतो म्हणून पाच महिने घेऊन गेला होता तो. मी लॅपटॉप मिटला आणि त्याला सांगितलं, या घराची पायरी पुन्हा चढू नकोस. त्याचा फोन नंबर अडवून टाकला.

८ जानेवारी

शमशाद काल सिनेमाला जाऊन आली. शमशाद म्हणजे माझी शेजारीण, तीस वर्षं ‘घाटी’ या सरकारी दवाखान्यात नर्स होती. कोणी मेलं की रडायचं कधी आणि चहा ठेवायचा कधी हे तिला बरोबर कळतं. सकाळी सव्वादहाचा एकच खेळ. ती आणि तिची सून धरून थेटरात चार माणसं. मॅनेजर म्हणाला, पाचाच्या खाली खेळ होत नाही, पैसे परत घ्या. शमशादनं पाचवं तिकीट आपल्या पिशवीचं काढलं. पिशवी शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि म्हणाली, अब चलाव.

मी म्हटलं, मला त्या सिनेमाबद्दल एक अक्षर सांगू नकोस.

"मैं कायकू बोलूं," ती म्हणाली. "मेरी पिशवी से पूछो. वो भी रोई."

१२ जानेवारी

सिनेमा उतरला. आठवडाभरात या गावात दोनशे बारा तिकिटं गेली, सबंध देशात एकोणीसशे चाळीस. शमशादनं आकडे वाचून दाखवले. मला बरं वाटायला हवं होतं. दुपारी भाजी आणायला गेले आणि भाजीवाल्याशी उगाच भांडले. दोनशे बारा. या गावात गाडी पंक्चर झाली तरी दोनशे माणसं बघायला जमतात.

९ मार्च

परदेशातल्या कुठल्याशा महोत्सवात सिनेमा दाखवला आणि कोरियातल्या एका बाईनं तो तिकडे लावायला घेतला. कारभारी शमशादच्या फोनवर निरोप धाडतो आणि ती दारात उभी राहून मोठ्यानं वाचते, म्हणजे वाचून दाखवल्याचं पाप नको. त्या कोरियन बाईच्या आधी एक मोठी कंपनी आली होती म्हणे. तिची एकच अट होती, पोस्टरवरून म्हाताऱ्याचा फोटो काढा, मयताचा फोटो बघून लोक तिकीट घेत नाहीत. कारभारीनं नकार दिला. जाईल तिथे फोटो जाईल, नाहीतर सिनेमाच जाणार नाही, असं म्हणाला. घरात आलेली लक्ष्मी परत पाठवली. कशासाठी हा हट्ट, देव जाणे. फोटो काही देखणा नाही. पासपोर्टासाठी काढलेला आहे, नाक फेंदारलेलं.

२० एप्रिल

कोरियात बारा थेटरांत काल लागला.

मी एकतीस वर्षं स्टेशनवरच्या पर्यटन कचेरीत काउंटरवर काढली आहेत. परदेशी माणूस मला कोणी शिकवायचा नाही. येतात, अजिंठ्याचे फोटो काढतात, पाण्याच्या बाटलीवरून हुज्जत घालतात आणि जातात. त्यांना कावळ्यातलं काय कळणार, असं मी शमशादला म्हणाले. म्हणता म्हणता एक म्हातारी आठवली. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल, आमच्या गाईडला रजा होती म्हणून मला पाठवलं होतं. ती कोरियाची होती. सव्विसाव्या लेण्यात पहुडलेल्या बुद्धासमोर तिनं पिशवीतून एक संत्रं काढून ठेवलं आणि बसली. बस सुटायची वेळ झाली. मी विचारलं, किती वेळ? तिनं हातानं खूण केली, थांब. आणि त्या दगडाकडे असं बघत राहिली की घरचं माणूस पहिला घास घेतं की नाही ते बघावं. अर्धा तास. बसमधले सगळे चिडले होते, मीसुद्धा.

घरी येऊन नानासाहेबांना सांगितलं. रोज संध्याकाळी त्यांचा एकच प्रश्न असे: आज कुठले आले? पाटबंधारे खात्यातला माणूस, पैठणच्या पुढे कधी गेला नाही. मी देशाचं नाव सांगायचं आणि त्यांनी शाळेच्या जुन्या नकाशापुस्तकात शोधायचं. त्यांना फार वेळ लागायचा. मी थांबत नसे, ताटं उचलून आत जायची.

ते निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी पासपोर्ट काढला. मी विचारलं, कुठे जायचंय, जायकवाडीला? हसले आणि कपाटात ठेवून दिला. त्यानंतर गुडघे, मग हृदय.

इथे खरं लिहिते. घाटावर सगळे वचनं देत होते तेव्हा मला तो पासपोर्ट आठवला होता. फक्त मला माहीत होतं. पण चारचौघांत काय म्हणणार होते, गेलेल्या माणसाला परदेशी नेते म्हणून? बोलले नाही. त्याऐवजी ते दुसरं बोलले.

६ मे

कोरियात बासष्ट थेटरं झाली. आज एक गोष्ट कळली. तिथे सिनेमाचा गल्ला पैशांत सांगत नाहीत, माणसांत सांगतात. किती कोटी कमावले ते नाही, किती डोकी आली ते. एक्केचाळीस हजार.

हा आकडा मी दोनदा वाचला. एक्केचाळीस हजार माणसं अंधारात बसून कायगावच्या लिंबाच्या झाडाकडे बघत होती. त्यांना गोदावरी माहीत नाही, द्वारकाबाई माहीत नाहीत. आमच्या घाटावर साठ माणसं होती, सगळी रक्ताची, आणि त्यांना दोन तास धड बसवलं नाही.

नकाशापुस्तक काढलं. पाठीला वाळवी लागली आहे. कोरियावर पेन्सिलीनं टिंब केलं.

१४ जून

पोलंड, अर्जेंटिना, ग्रीस. पोलंडमध्ये दुपारच्या खेळांना म्हाताऱ्या बायका येतात म्हणे, चौघीचौघी मिळून. एकीनं त्या विधवेला म्हणून पत्र लिहिलं आणि ते कंपनीकडून कारभारीकडे, तिथून शमशादकडे फिरत आलं. तिची समजूत अशी की सिनेमातली बाई खरी आहे. आहेच की.

इंग्रजीत आहे, तिच्या नातीनं लिहून दिलं असावं. बाई लिहिते की तिच्या नवऱ्यानं अडतीस वर्षं तिच्या सूपला नावं ठेवली. तो गेला तेव्हा घरभर माणसं होती आणि सगळे त्याची स्तुती करत होते, म्हणून तिला काही बोलता आलं नाही. "तुम्ही बोललात, म्हणून त्या दिवशी मीही बोलले. थेटरात, मोठ्यानं. कोणी हसलं नाही."

पत्रात व्याकरणाच्या सहा चुका होत्या. मी लाल पेन्सिल घेऊन बसले. दुसऱ्या चुकीनंतर काही सुधारलं नाही.

२ जुलै

गावातल्या पेपरात कारभारीचा फोटो आला. तीन लाख प्रेक्षक, चौदा देश. लगेच सत्कार समिती. अध्यक्ष माझ्याकडे आले, थोर चित्रकर्मीच्या मामी म्हणून मंचावर बसाल का विचारायला. मी विचारलं, जानेवारीत आपण कुठे होतात? म्हणाले, लग्नसराई होती. मी म्हटलं, तेव्हा सव्वादहाच्या खेळाला तुमच्या जागेवर एक पिशवी बसली होती, तिला मंचावर घ्या.

चहा न घेता गेले. कारभारीची बाजू घेऊन मी कोणाशी तरी भांडले हे ते गेल्यावर लक्षात आलं.

२१ ऑगस्ट

आज दुपारी दाराशी एक बाई उभी. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात वांग्यांची पिशवी. म्हणाली, मी चतुराबाई, बिडकीनची, बाजारात भाजी विकते. मी म्हटलं, भाजी नको. तर ती म्हणाली, "विकाया नाय आले. तुमचं काम केलं ना मी शिनेमात."

म्हणजे मी ही. चौदा देशांत माझ्या नावानं ही वावरते आहे. मला वाटलं होतं कोणी नटी असेल, निदान शाळा शिकलेली. मी काही बोलायच्या आत ती आत येऊन फरशीवर बसली, खुर्ची दिली तरी. नानासाहेबांच्या फोटोला तिनं हात जोडले आणि पदर सारखा केला. घरच्या माणसासमोर करावा तसा. मला राग यायला हवा होता.

चहा झाला. मग म्हणाली, एक विचारायचं हुतं म्हणून आले. काय ते विचार म्हटलं.

"तवा तुमी रडला हुता का? कारभारी सांगंना. मी तसंच केलं, न रडता. चुकलं का काय म्हून जीव लागून ऱ्हायला."

मी सांगितलं, नाही. रडले नाही. आजतागायत नाही.

"मंग बराबर केलं," म्हणाली आणि निवांत झाली.

मीच विचारलं मग, दर्भाचा कावळा करतात तेव्हा लोक हसतात का सिनेमात. तिला काही कळेना. दर्भाचा कावळा नाहीच त्यात, म्हणाली. खरा आहे.

मी म्हटलं, खरा कसा? तिनं सगळं सांगितलं. कारभारीनं पाळलेला कावळा आणू दिला नाही. संगणकातून काढून देतो म्हणणाऱ्याला घालवून दिलं. कायगावला रोज पहाटे जायचं, पिंड ठेवायचे, तिनं ते वाक्य म्हणायचं आणि सगळ्यांनी उन्हात बसायचं. अकरा दिवस कावळा आला नाही. कॅमेरावाला गडी निघून चालला होता. सगळे कारभारीला म्हणाले, दर्भाचा कर, खऱ्यातबी तसंच झालं हुतं ना.

"तर म्हनला, खऱ्यात झालं म्हून तर ह्यात नाय करायचं. माझी मामी अजून घाटावरच बसलीय." चतुराबाईनं कप खाली ठेवला. "बाराव्या दिशी आला मंग. सवताच्या पायानं."

वांगी ठेवून गेली. पैसे घेतले नाहीत. मी भरली वांगी केली आणि खाल्ली नाहीत.

३० ऑगस्ट

सिनेमा पुन्हा लागला. गेले. शमशाद बरोबर होती, तिनं पिशवीचंही तिकीट काढायचा हट्ट धरला होता, पण एकही खुर्ची रिकामी नव्हती.

सिनेमा वाईट आहे असं म्हणायची माझी तयारी होती. माझं स्वयंपाकघर इतकं अंधारं नाही. मी चहात साखर अशी ढवळत नाही. दिराचं काम करणाऱ्याला पोट नाही. लोक हसत होते आणि मीही दोनदा हसले, चुलतभावाच्या दारूला.

मग घाट आला. पिंड, लिंब, त्यावर कावळे. वचनं संपली. चतुराबाई उठली आणि म्हणाली. मी डोळे मिटून घेतले, कारण आता हसणार हे मला माहीत होतं.

हसले. खूप हसले. आणि मग हळूहळू हसणं थांबलं, कारण ती जागची हलली नव्हती. पडद्यावर कोणी बोलत नव्हतं. वारासुद्धा नव्हता. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. साडेतीनशे माणसं, आमच्या गावची, मोबाइल वाजला तर त्याच्यावर खेकसणारी, श्वास धरून बसली होती. माझ्या मनात आलं, असेच ते कोरियात बसले असतील. तशाच त्या पोलंडच्या म्हाताऱ्या. तीन लाख माणसं आपापल्या गावी, आपापल्या अंधारात, नानासाहेबांच्या पिंडाकडे बघत बसली आणि एकानंही घड्याळ बघितलं नाही. कुणाचा एवढा मोठा दहावा कधी झाला असेल असं मला वाटत नाही. कुण्या राजाचाही नाही.

आणि कावळा उतरला. एकदम नाही. आधी पायरीवर, मग मान तिरकी करून, मग भाताकडे. मोठा घास घेतला त्यानं. थांबला आणि दुसरा घेतला.

शमशादनं माझ्या हातात रुमाल दिला. तिला कधी द्यायचा हे बरोबर कळतं.

बाहेर कारभारी दाराशी उभा होता, भिंतीला टेकून, तिकीट तपासणाऱ्यासारखा. वजन उतरलंय. मी विचारलं, कावळा कुठून आणलास?

"आणला नाय मामी," तो म्हणाला. "आला."

मी म्हटलं, घरी चल, जेवायला. ताजी वांगी आहेत.

"पायरी चढू नको म्हनलं हुतं तुम्ही."

"मागच्या दारानं ये."

जेवताना भाजीत मीठ कमी आहे म्हणाला. मामाच्या वळणावर गेलाय.

८ नोव्हेंबर

आज फिनलंडमध्ये लागला, सहा थेटरांत. एकोणिसावा देश. कारभारी म्हणतो, आता बस, एवढंच होतं. चतुराबाईला कोरियात बोलावलं होतं तेव्हा ती गेली नाही, पोळ्याचा बाजार बुडतो म्हणाली.

त्यानं मला सगळ्या देशांतली पोस्टरं आणून दिली. नाव प्रत्येकावर वेगळं, लिपी वेगळी. फेंदारलेलं नाक सगळीकडे तेच.

१७ नोव्हेंबर

हयातीच्या दाखल्यासाठी कागद शोधत होते, तर कपाटात पासपोर्ट सापडला. कोरा. उघडला तर मुदत काल संपली, १६ नोव्हेंबरला. दहा वर्षांत एकही शिक्का नाही.

सरकारी पुस्तकात लिहू नये हे मला कळतं, म्हणून पेन्सिलीनं लिहिलं. एका पानावर एक देश, खाली तारीख, त्याखाली माणसं किती आली ते. कोरिया, एक लाख अठरा हजार. पोलंड, ग्रीस, अर्जेंटिना. अक्षर नीट काढलं, कचेरीत काढायची तसं. शेवटचा फिनलंड, ८ नोव्हेंबर. मुदतीच्या आठ दिवस आधी. आयुष्यात हा माणूस वेळेवर कुठे पोचला असेल तर तिथेच.

मग नकाशापुस्तक घेऊन फोटोखाली बसले. संध्याकाळचे सहा झाले होते, त्यांची विचारायची वेळ. आज कुठले आले ते पहिल्यापासून वाचून दाखवलं. एकेका नावानंतर थांबले. फिनलंडला जास्त थांबले. ते वर कोपऱ्यात आहे, त्यांना सापडायला वेळ लागतो.